अनलिमिटेड म्हणजे किती?

केबलवाला हा आपल्या वस्त्यांमधला जुना माणूस. ऐंशीच्या दशकात एका खोलीत व्हीसीआर लावून साऱ्या चाळीला रात्रीचा पिक्चर दाखवणारा तोच. १९९१च्या आखाती युद्धानंतर पत्र्यावर भली मोठी छत्री बसवून परदेशी चॅनेल आणणारा तोच. २०१२च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा डबा काखेत मारून दारात उभा राहिला तोही तोच. आता तो इंटरनेट देतो. पूर्वी महिन्याला “ताई, केबलचे पैसे” अशी हाक यायची, आता “ताई, नेटचा रिचार्ज संपतोय” अशी येते. तो ज्या कागदावर प्लॅन लिहून देतो, त्यावर एक शब्द हमखास ठळक छापलेला असतो : अनलिमिटेड. आज बोलायचे आहे ते या एका शब्दाबद्दल.

आमच्या ओळखीच्या एक मावशी रुग्णालयात आयाचे काम करतात. मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते, धाकटा दहावीत. मुलीसाठीच म्हणून त्यांनी घरात नेट घेतले. पंधरा दिवस सगळे झकास चालले. अठरा-एकोणीस तारखेपासून लेक्चर लावले की पडद्यावर नुसते चक्र फिरत राही. पैसे घ्यायला आलेल्या पोराला मावशींनी दारातच धरले.

“मावशी, तुमचा एफयूपी संपलाय.”

“काय संपलंय?”

“एफयूपी. नवीन महिना लागला की परत फास्ट होईल. नाहीतर वरचा प्लॅन घ्या, दोनशे रुपये जास्त पडतील.”

“अरे बाबा, तूच बोलला होतास ना, अनलिमिटेड आहे म्हणून?”

“अनलिमिटेडच आहे मावशी. बंद कुठं झालंय? चालूच आहे ना!”

पोरगा खोटे बोलत नव्हता, हीच तर खरी गोम आहे. नेट बंद होत नाही म्हणून ते अनलिमिटेड. पण ठराविक जीबी वापरून झाले की त्याचा वेग इतका खाली आणायचा की ते असून नसल्यासारखे व्हावे. याला कंपन्या फेअर यूज पॉलिसी म्हणतात, त्याचाच एफयूपी झाला. मराठीत म्हणायचे तर वाजवी वापराचे धोरण. वाजवी किती, हे ठरवणार कंपनी. आपण फक्त पैसे भरणार आणि आपला वापर गैरवाजवी झाला हे महिन्याच्या मधेच आपल्याला कळणार!

यातले दोन शब्द घरातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावेत. ते पोरांचे काम म्हणून सोडून देऊ नये. एक आहे एमबीपीएस आणि दुसरा जीबी. चाळीतल्या नळाने हे चटकन कळेल. नळाची धार किती जोरात आहे, ते एमबीपीएस. पिंपात एकूण किती पाणी भरले, ते जीबी. केबलवाला आपल्याला नेहमी धार सांगतो. “पन्नासचा प्लॅन”, “शंभरचा प्लॅन” हे सगळे धारेचे आकडे. पिंप केवढे आहे हे तो आपण होऊन सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

आता मावशींच्या घरचा हिशेब मांडू. त्यांच्या प्लॅनची मर्यादा विचारून घेतली तेव्हा ती महिन्याला २०० जीबी निघाली. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण नेटफ्लिक्स कंपनीच सांगते की साध्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत, एचडी चित्राला ३ जीबीपर्यंत आणि ४के या सर्वांत स्पष्ट चित्राला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. दुसऱ्या ठिकाणचे व्हिडिओही साधारण याच मापाने धरायला हरकत नाही. मावशींच्या घरी नवा टीव्ही नेटला जोडलेला. संध्याकाळी तीन तास मालिका नाहीतर मॅच, तीही एचडी. म्हणजे दिवसाला ९ जीबी. मुलीचे दोन तास लेक्चर साध्या चित्रात, म्हणजे २ जीबी. एकूण ११. दोनशेला अकराने भागा, अठरा दिवस येतात. मुलीच्या अभ्यासाचा वाटा त्यात पाचवा हिस्सासुद्धा नव्हता. पण लाइन मंदावल्यावर घरातून पहिला हुकूम निघाला तो तिलाच : “तू तो फोन जरा ठेव बघू, नेट संपतंय तुझ्यामुळं.”

हे एकाच घरातले नाही. मर्यादा जवळ आली की कात्री कुणाच्या वापरावर चालते, हे आपापल्या घरात पाहावे. मॅचवर क्वचितच चालते.

उपाय मात्र फुकटचा होता. टीव्हीवरच्या ॲपमध्ये चित्राचा दर्जा ठरवायची सोय असते, तो एचडीवरून साध्यावर आणला. तीन तासांचे ९ जीबीऐवजी ३ झाले, मुलीचे २ धरून दिवसाला ५, महिन्याला १५०. दोनशेच्या आतच महिना निघतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तेही बंद करता येते. घरात कुणी बघत नसताना टीव्ही बडबडत राहतो, त्याचेही जीबी मोजले जातच असतात.

मर्यादा संपल्यावर काय उरते तेही पाहू. ट्रायने, म्हणजे १९९७च्या कायद्याने नेमलेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपन्यांना आदेश दिला की घरच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली आणता येणार नाही. नसण्यापेक्षा बरे. पण या वेगाने १ जीबी उतरवायला सव्वाचार तासांहून जास्त लागतात. चाळीस मिनिटांचे लेक्चर साध्या चित्रात उतरवायचे तर जवळजवळ तीन तास! मोबाइलवर तर रोजचा दीड किंवा दोन जीबी संपला की कित्येक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएस उरतात. त्या वेगाने तोच १ जीबी उतरायला सुमारे पस्तीस तास लागतील. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही म्हणून सायबर कॅफेत पन्नास-शंभर रुपये मोजणारी मुले आपण पाहतो, त्यामागे हेही एक कारण असते.

आता प्रश्न येतो, ही मर्यादा हवीच कशाला? कंपनीचे उत्तर ठरलेले असते. काही लोक फार वापरतात, त्यामुळे बाकीच्यांना मिळत नाही. ऐकायला न्यायाचे वाटते. पाण्याच्या बाबतीत ते खरेही आहे, धरणातले पाणी एकाने उपसले तर दुसऱ्याला उरत नाही. पण वायरीतून गेलेला डेटा कुठल्या धरणातून कमी होत नाही. तंगी होते ती गर्दीच्या वेळेची. केबलवाला वरच्या कंपनीकडून ठराविक रुंदीची लाइन घेतो आणि गच्चीवरच्या डब्यातून ती शेकडो घरांत वाटतो. शंभर घरांना पन्नासचा प्लॅन विकला म्हणून तो पाच हजारांची लाइन घेत नाही, कारण सगळे एकाच वेळी वापरणार नाहीत हे त्याला ठाऊक असते. रात्री नऊ वाजता सगळे वापरतात आणि सगळ्यांचेच चक्र फिरते. तेव्हा दोष असतो त्याने कमी घेतलेल्या लाइनचा. पहाटे चार वाजता उठून कुणी दहा जीबीचे धडे उतरवून घेतले तर त्याने शेजाऱ्याचे काहीही खाल्लेले नसते. तरी त्याच्या नावावर दहा जीबी लागतातच. या बाबतीत बीएसएनएलची जुनी योजना सरळ होती म्हणायची. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतला वापर तिच्यात मोजत नसत. रात्रीचा गजर लावून उठणारी त्या काळातली मुले आज नोकरीला लागली आहेत.

मर्यादा वायरीची नसते, दराची असते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाले. तेव्हा महिना ६९९ रुपयांच्या प्लॅनमध्ये शंभरचा वेग आणि १०० जीबी मिळत, वर पहिले सहा महिने ५० जीबी जादा. बरोबर एका वर्षाने, सप्टेंबर २०२०मध्ये, त्याच ६९९ रुपयांत, त्याच शंभरच्या वेगाने नवा प्लॅन आला आणि त्याची मर्यादा होती ३३०० जीबी! वायर तीच, डबा तोच. टाळेबंदीने घराघरांत नेटची गरज वाढली होती, बाजारात चढाओढ लागली होती, म्हणून शंभराचे तेहतीसशे झाले. नाव अर्थातच अनलिमिटेड.

अमेरिकेचाही दाखला बघण्यासारखा आहे, कारण केबल टीव्हीच्या तारेतून नेट देण्याचा धंदा तिथे आपल्यापेक्षा जुना. तिथल्या कॉमकास्ट या बलाढ्य केबल कंपनीने ऑक्टोबर २००८पासून घरगुती ग्राहकांना महिन्याला २५० जीबीची मर्यादा घातली. पुढे ती वाढत वाढत १२०० जीबीवर गेली. मार्च २०२०मध्ये कोरोना आला, सगळे घरी बसले, शाळा-कचेऱ्या घरातून सुरू झाल्या. वापर कधी नव्हे इतका वाढला आणि नेमक्या त्याच वेळी कंपनीने जूनअखेरपर्यंत मर्यादा उठवली. जाळे कोसळले नाही. मग एरवी ती मर्यादा कशासाठी होती, असे तिथल्या लोकांनी विचारले तर त्यात चूक काय? प्रतिस्पर्धी कंपन्या ग्राहक पळवू लागल्या तेव्हा २०२५मध्ये याच कंपनीने नव्या प्लॅनमधून मर्यादा काढून टाकली. जुन्या प्लॅनवर असलेल्यांना मात्र तो लाभ आपोआप मिळाला नाही. प्लॅन बदलून मागावा लागला.

ही शेवटची गोष्ट आपल्या कामाची आहे. चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला प्लॅन आपण तसाच रिचार्ज करत राहतो. तेवढ्याच पैशांत शेजारच्या नव्या ग्राहकाला दुप्पट वेग नि दहापट जीबी मिळत असतात, आणि कंपनी आपल्याला ते सांगायला येत नाही. वर्षातून एकदा तरी विचारावे : “आज नवीन कनेक्शन घेतलं तर याच पैशांत काय देता?” विचारायला लाजू नये.

केबलच्या धंद्यात मालक बदलतात, तेव्हाही हेच लक्षात ठेवावे. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांमधला मोठा हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. हॅथवेचा ५१.३ टक्के हिस्सा २,९४० कोटींना आणि डेनचा ६६ टक्के २,२९० कोटींना. आपल्या गल्लीत त्या दिवशी काहीच घडले नाही. पैसे मागायला येणारा पोरगा तोच राहिला. इतके मोठे व्यवहार जाऊ द्या, आपला केबलवाला स्वतःच कधी एका कंपनीची लाइन सोडून दुसरीची घेतो. मग एक दिवस जुना ग्राहक क्रमांक चालत नाही, पावतीवर वेगळे नाव येते, प्लॅनच्या अटी वेगळ्या असतात. ज्यांनी स्वस्त पडते म्हणून वर्षाचे पैसे एकरकमी भरले, त्यांचे उरलेले महिने कुणी द्यायचे यावरून टोलवाटोलवी सुरू होते. “ते जुन्या कंपनीचं होतं” असे नवा सांगतो. म्हणून जिथे कंपनीचे ॲप किंवा संकेतस्थळ आहे तिथे पैसे थेट तिथेच भरावेत. रोख दिले तर कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक, प्लॅनचे नाव आणि मुदत लिहिलेली पावती मागावी. चिठोऱ्यावर ‘नेट’ असे लिहून टिक केलेली पावती ही पावती नव्हे. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो हेही धरून चालावे. ३९९ म्हटले तर हातचे ४७१ जातात. मोडेम आपला की कंपनीचा, अनामत परत मिळणारी आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. जोडणी सोडताना डबा परत केला तर त्याची पोच घ्यावी.

घरगुती वापराला ३३०० जीबी पुष्कळ होतात, हे मान्य. रोज चार तास एचडी टीव्ही पाहिला तरी महिन्याला ३६० जीबीच होतात. पण अभ्यासिकेचा हिशेब वेगळा. अनेक वस्त्यांत विहाराच्या माडीवर किंवा समाजमंदिरात तरुणांनी अभ्यासिका चालवल्या आहेत, पोलीस भरतीपासून एमपीएससीपर्यंतची मुले तिथे बसतात. वर्गणीतून एकच कनेक्शन घेतलेले असते. तीस मुले, प्रत्येकी दोन तास लेक्चर, साधे चित्र धरले तर दिवसाला ६० जीबी, महिन्याला १८००. निभावते. पण प्रत्येकाच्या फोनवर एचडी चालू असेल तर दिवसाला १८० जीबी होतात आणि तेहतीसशेची मर्यादा एकोणिसाव्या दिवशी संपते. मग परीक्षेच्या तोंडावर तीसही मुले ५१२ केबीपीएसच्या एका धारेखाली! अभ्यासिकेच्या चालकांनी भिंतीवर एक कागद लावावा की व्हिडिओ ४८०च्या वर कुणी पाहू नये. एकाने एकदा उतरवलेले लेक्चर पेन ड्राइव्हवरून दहा जणांना देता येत असेल तर द्यावे. घरगुती प्लॅनच्या अटी अशा वापराला चालतात का, हे कनेक्शन घेतानाच विचारावे, म्हणजे मागाहून तोडातोड होणार नाही.

आता हक्काचे. ट्रायने २७ जुलै २०१२ रोजीच कंपन्यांना बजावले होते की एफयूपी असेल तर किती डेटापर्यंत कोणता वेग आणि त्यानंतर कोणता, हे संकेतस्थळावर आणि जाहिरातींत स्पष्ट सांगावे. २०१६च्या आदेशात आणखी एक कलम आहे, ते फार उपयोगाचे. डेटाची मर्यादा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापरून झाली की प्रत्येक वेळी ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवले पाहिजे. मावशींना असे काहीच आले नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की कनेक्शन देताना पोराने फॉर्मवर भलताच मोबाइल क्रमांक टाकून दिला होता. सूचना जात होत्या, पण दुसऱ्याच्या खिशात वाजत होत्या. पुष्कळ घरांत थोरल्या मुलाचा बंद पडलेला जुना नंबर नोंदलेला असतो. आजच्या आज तपासून पाहावे.

तक्रार करायची तर केबलवाल्याशी भांडून भागत नाही, तो बिचारा मधला माणूस. कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार हवेत जाते. उत्तर पटले नाही तर कंपनीतच अपील प्राधिकारी असतो, त्याच्याकडे तीस दिवसांत अपील करता येते, आणि त्याने एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, मराठीतही बोलता येते. ग्राहक आयोगात दूरसंचारच्या तक्रारी चालत नाहीत असे पूर्वी कंपन्यांचे वकील सांगत. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात तो मुद्दा निकाली काढला, तिथे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही. दोनशे रुपयांसाठी कोण आयोगात जाणार, असे वाटेल. पण एका चाळीतल्या चाळीस घरांनी एकाच दिवशी एकाच मजकुराचे अर्ज दिले तर आयोगाची पायरी चढायची वेळ बहुधा येणारच नाही.

अर्ज असा लिहावा :

“मा. व्यवस्थापक यांस, माझ्या घरी आपली इंटरनेट जोडणी आहे. ग्राहक क्रमांक अमुक. माझ्या योजनेत महिन्याला किती जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळतो, त्यानंतर वेग किती राहतो आणि नवी मर्यादा कोणत्या तारखेला सुरू होते, हे मला लेखी कळवावे. मर्यादेच्या सूचना कोणत्या मोबाइल क्रमांकावर पाठवता तेही कळवावे. तो क्रमांक माझा नसल्यास खाली दिलेला माझा क्रमांक नोंदवून घ्यावा. याच दरात सध्या नव्या ग्राहकांना कोणती योजना देता, तिची माहिती सोबत द्यावी. आपला/आपली, सही.”

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला कोणी तयार नसेल तर तोच मजकूर कंपनीच्या ॲपवर किंवा ईमेलने पाठवावा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक विजेच्या बिलांच्या फायलीत लिहून ठेवावा.